मुठीवाली रोछिंगी

आमच्या थिंगतलांग गावात शनिवार उजाडला हे रोछिंगीच्या डब्याच्या कडीवरून कळायचं. पाठीवर वेताची टोपली, टोपलीचा पट्टा कपाळाला, टोपलीत पत्र्याचा डबा. चढण चढताना कडी वाजायची, तसं घराघरातून बायका म्हणायच्या, "आली गं पी रोछिंगी, मडकं काढ बाहेर." पी म्हणजे आमच्याकडचं मानाचं बोलावणं, बाईमाणसाला. मी तिला नुसतं रोछिंगीच म्हणायची. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी होती, पण ती रागवायची नाही. रागवली तरी मी ऐकणारी नव्हते.

आमच्या मिझोराममध्ये दोन वेळा भात शिजतो. चुलीवरच्या भांड्यात तांदूळ पडायच्या आधी घरच्या बाईनं एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ती मूठ देवाची. घरात दहा माणसं असोत नाहीतर एक म्हातारी, मूठ चुकवायची नाही. आठवडाभराचं मडकं शनिवारी रोछिंगीच्या डब्यात रिकामं व्हायचं आणि सोमवारी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ते तांदूळ विकायची. त्या मुठींवर पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, जगले, शाळा चालल्या, दवाखाना झाला. दोन डोंगर पलीकडचं पाळक तयार करायचं मोठं कॉलेजसुद्धा त्यावरच उभं राहिलं. आम्ही गरीब होतो, पण कुणापुढे हात पसरला नाही, हे आमचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, अजून छाती फुगवून सांगतात. छाती त्यांची, मुठी बायकांच्या. असो.

रोछिंगीनं हे काम अठ्ठावन्न वर्षं केलं. नवरा झाडावरून पडून गेला तेव्हा ती तिशीची नव्हती. एक मुलगा होता, तो पलटणीत गेला आणि तिकडच्याच बाईशी लग्न करून राहिला. नाताळला फोन करायचा. पाच दिवस ती मागावर पुआन, म्हणजे आम्ही कमरेला गुंडाळतो ते वस्त्र, विणायची, शनिवारी कडी वाजवत फिरायची आणि रविवारी चर्चला जायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखं तोंडात तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी धरून ठेवायची, म्हणून निम्मं बोलणं डोळ्यांनी.

दोनशे घरं, डबा भरला की चर्चच्या कोठीत ओतून पुन्हा पुढे, आणि शेवटचं घर माझं. रस्त्याच्या वळणावर माझं चहाचं दुकान आहे, ऐझॉलच्या सुमो तिथे थांबतात. फेरी संपली की ती पाणी थुंकून बाकावर बसायची.

"थुआमी, तुझ्या चहात दूध कमी आणि बडबड जास्त."

"फुकटात दोन्ही मिळतंय, गप पिऊन टाक."

असं आमचं चालायचं. चहा पिता पिता ती गावाची खबर सांगायची, पण चहाडी नाही करायची. तिला मुठीवरून घर कळायचं. अमक्याच्या मडक्यात यंदा नव्या भाताऐवजी रेशनचा तांदूळ आला, म्हणजे शेत नीट झालं नाही. तमकीची मूठ लहान झाली, म्हणजे घरात कुणी आजारी आहे, नाहीतर नवरा पुन्हा प्यायला लागलाय. मग ती कुणाला न सांगता बायकांच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईच्या कानात एक शब्द टाकायची आणि दोन दिवसांत त्या घरी तांदूळ पोचायचा. देणाऱ्याला कुणाला दिलं ते माहीत नाही, घेणाऱ्याला कुणी सांगितलं ते माहीत नाही. माझा नवरा गेला त्या वर्षी माझ्या दारातही एक पोतं आलं होतं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मला काय माहीत बाई, मी तर अशिक्षित."

आता माविया. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. म्हणजे हे सगळं सांगताना शिव्या कुणाला द्यायच्या? आपलेच दात, आपलेच ओठ.

पोरगा हुशार. गावानं, म्हणजे ह्याच मुठींनी, त्याला त्या कॉलेजात घातलं. शेवटच्या वर्षाला होता तेव्हा उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आला आणि म्हणाला, "आत्या, कॉलेजात नवीन विषय सुरू झालाय. श्रद्धा, काम आणि अर्थकारण."

"म्हणजे रे काय?"

"माणूस रविवारी प्रार्थना करतो. सोमवारी शेतात जातो. शनिवारी बाजारात घासाघीस करतो. आम्ही पाळक त्याच्याशी फक्त रविवारचं बोलतो. बाकी सहा दिवसांचं आम्हाला काहीच कळत नाही. आमचे साइथंगा सर म्हणतात, ही आपल्या शिक्षणातली मोठी फट आहे."

रोछिंगी बाकावर बसली होती. तिला असं हसू फुटलं की तोंडातलं पाणी माझ्या ओट्यावर उडालं.

"अरे, ती फट शोधायला कॉलेज लागलं? आम्हाला विचारलं असतंस तर चहाच्या पैशात सांगितलं असतं."

"म्हणूनच तर आलोय, आजी. तुमच्यावरच प्रबंध लिहायचाय. मुठीवर."

तिचं हसू थांबलं. अठ्ठावन्न वर्षांत कुणी तिला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. चर्चच्या वडिलांनी कधी व्यासपीठावर तिचं नाव घेतलं नाही. तिनं पुआनच्या काठानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शनिवारी पहाटे ये. आणि आधी माझी दोन लाकडं फोड. कामावर लिहिणारा माणूस हातावर हात ठेवून बसलेला मला चालत नाही."

दोन महिने तो तिच्या मागे फिरला. पहिले दोन शनिवार टोपली त्यानं घेतली, मग पाठ दुखायला लागली म्हणून नुसता फोन धरून तिचं बोलणं भरून घ्यायचा. ती त्याला सगळं दाखवायची. तांदूळ हातावर कसा पसरायचा, डोंगरउतारावरचा कुठला आणि खालच्या खाचराचा कुठला. मूठ लहान झालेल्या दारात काय बोलायचं आणि काय नाही. त्याला म्हणायची, "पाळक होशील तेव्हा आधी स्वयंपाकघरात जा, मग बायबल उघड." तो लिहून घ्यायचा. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटायचं. माझा भाचा आणि माझी रोछिंगी एका टेबलाशी डोकं लावून बसलेत, मी चहा ओततेय. मी गिऱ्हाइकांना सांगायची, "बघा, पुस्तक होणार आहे."

मग एके दिवशी दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात, त्यानं विचारलं, "आजी, बांबू फुलला त्या साली काय झालं? एकोणसाठला? तेव्हा मूठ चालू होती?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. आमच्याकडे बांबू फुलला की उंदीर माजतात आणि उभं पीक एका रात्रीत फस्त करतात. त्या दुष्काळाचं नाव घरात कुणी काढत नाही. मी तेव्हा पाळण्यात होते. रोछिंगी एकोणीस वर्षांची होती.

ती बोलेना. तेव्हा मी मध्ये पडले. मीच. म्हटलं, "सांग गं, आपलाच पोरगा आहे. उद्याचा पाळक आहे."

तिनं सांगितलं. सासू आजारी पडली म्हणून डबा नुकताच तिच्याकडे आला होता. लोक रानातले कंद उकडून खात होते. तरी ज्यांच्याकडे चिमूटभर होतं ते अर्धी मूठ टाकत होते. त्या शनिवारी सगळं गाव फिरून डब्याचा तळ जेमतेम झाकला. रविवारी तो चर्चच्या वडिलांच्या हाती द्यायचा होता. घरात तिची रेमी होती, दोन वर्षांची, तीन दिवस कंदाशिवाय पोटात काही नाही, अंगात ताप.

"मी डब्यातून दोन मुठी काढल्या," ती म्हणाली. "पेज केली. तिनं दोन घास गिळले, तिसरा ओठातून बाहेर आला. मंगळवारी गेली."

मी पुआनचा काठ डोळ्यांना लावला. मला वाटलं, संपलं. पण ती चुलीकडे बघत म्हणाली, "लेकीसाठी घेतले, ते देवाला कळेल. पण उरलेली पेज मी खाल्ली. ती तिकडे तळमळत होती आणि मी भांडं चाटून खाल्लं. गोड लागली मला. हे मी कुणाला सांगितलं नाही."

माविया रडला. खरंच रडला. तिचे हात हातात घेऊन त्यानं प्रार्थना केली. आमच्या मंडळीत पाळकाच्या कानात पाप सांगायची रीत नाही. प्रत्येकानं आपापलं देवाशी बोलावं, असं शिकवतात. पण माणसाला माणसाचा कान लागतो हो. अठ्ठावन्न वर्षं तो कान तिला मिळाला नव्हता. तिला वाटलं, हा अर्धा का होईना पाळक आहे, ह्याच्याजवळ बोललेलं देवाजवळ बोलल्यातच जमा. हीच तिची चूक. तो पाळक नव्हता, तो विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याला परीक्षा असते.

दुसऱ्या दिवशी तो एक कागद घेऊन आला. "आजी, इथे सही. कॉलेजचा नियम आहे."

मी म्हटलं, "बोलण्याला कसली रे सही?"

"परवानगीची, आत्या. पण नाव कुठेही येणार नाही. शब्द देतो."

तिनं चष्मा लावून हळूहळू आपलं नाव काढलं. मी त्या आनंदात त्याला भाजलेल्या डुकराचे दोन तुकडे जास्त वाढले. आता आठवलं की हात तोडून घ्यावासा वाटतो.

त्यानंतरची रोछिंगी तुम्ही बघायला हवी होती. चढण चढताना गाणं म्हणायला लागली. पाठ सरळ झाली. मला म्हणाली, "थुआमी, काल मी रेमीला स्वप्नात पाहिलं. माझ्याकडे बघत होती. आधी बघायची नाही." चार महिने ती तशी होती. ते चार महिने तरी तिला मिळाले, असं मी कधी कधी म्हणते. मग वाटतं, नसते मिळाले तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात कॉलेजनं परिसंवाद ठरवला, आणि तो आमच्याच गावात. साइथंगा सरांचं म्हणणं, जिथला विषय तिथेच बोलावा. कॉलेजचे चाळीस विद्यार्थी, ऐझॉलहून मंडळीचे मोठे लोक, आणि त्या विषयाला पैसा पुरवणारे परदेशातले दोन गोरे पाहुणे. गावानं दोन डुकरं कापली. बायका पहाटेपासून चुलीशी. रोछिंगीनं स्वतः विणलेलं नवं पुआन नेसलं, लाल काठाचं. मी तिला हाताला धरून चर्चात तिसऱ्या बाकावर बसवलं. चर्चचे वडील पु खुमा पुढे बसले होते (बाईला पी, तसं पुरुषाला पु), त्यांनीसुद्धा मागे वळून तिला मान हलवली. ती माझ्या कानात म्हणाली, "नाव नाही घेणार ना गं तो? मला लाज वाटेल." मी म्हटलं, "घेतलं तर घेतलं. टाळ्या घे की."

माविया टाय लावून उभा राहिला. काय बोलला पोरगा! अर्धा तास मीसुद्धा हरखून ऐकलं. मूठ म्हणजे दान नाही, ती काम आणि उपासना ह्यांच्यामधली गाठ आहे म्हणाला. आपल्या पाळकांना ग्रीक येतं पण तांदळाचा भाव सांगता येत नाही म्हणाला, तेव्हा सगळे हसले. मग तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "आता एक उदाहरण. आपण तिला 'ज' बाई म्हणू. वय सत्त्याहत्तर. ह्याच गावात अठ्ठावन्न वर्षं ती घरोघर फिरून मुठी गोळा करते."

अरे माझ्या कर्मा! दोनशे घरांच्या गावात 'ज' बाई! आमच्या गावातलं रांगतं मूलसुद्धा सांगेल ती कोण.

आणि त्यानं सगळं सांगितलं. डबा, दोन मुठी, पेज, रेमी. रेमीचं नाव नाही घेतलं, 'तिची कन्या' म्हणाला. मला वाटलं, आता तरी थांबेल. थांबला नाही. भांडं चाटून खाल्लं, गोड लागली, तेही सांगितलं. तिचेच शब्द, तिच्याच क्रमानं, फोनमध्ये भरलेले. पडद्यावर दुष्काळाच्या आकड्यांची चढती रेघ होती. शेवटी त्यानं दोन्ही हात पसरले. "मी तुम्हाला विचारतो, ही चोरी होती, की भुकेनं केलेली प्रार्थना?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थी उभे राहिले. साइथंगा सरांनी डोळे पुसले. आमच्या गावची माणसं मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि एकेक मान वळून तिसऱ्या बाकाकडे येत होती.

रोछिंगी गुडघ्यावरची पुआनची झालर सरळ करत होती. एकेक धागा. मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला आणि उठली. मला वाटलं घरी जाईल. ती गेली मागच्या पटांगणात, जिथे जेवण मांडलं होतं. दरवर्षी नाताळला डुकराच्या पातेल्याशी तीच उभी असायची, तशी पळी घेऊन उभी राहिली. गाव जेवायला आलं. कुणी तिला काही बोललं नाही. फक्त तिच्यासमोरची रांग हळूहळू शेजारच्या पातेल्याकडे सरकली. परदेशातल्या पाहुण्यांनी तिच्याकडून वाढून घेतलं, कारण त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं.

मी मावियाला स्वयंपाकाच्या मांडवामागे गाठला.

"मुडद्या, हे काय केलंस?"

"आत्या, मी नाव घेतलं नाही."

"नाव घेतलं नाहीस, बोट दाखवलंस! आंधळ्यालासुद्धा दिसलं!"

"मी तिच्याच बाजूनं बोललो. तू शेवट ऐकलास ना? सगळे रडले. आणि तिची सही आहे."

"सही! केसानं गळा कापलास म्हातारीचा, आणि वर म्हणतोस तिनं मान पुढे केली!"

तो लाल झाला. "तुला अभ्यास म्हणजे काय ते कळत नाही, आत्या." खरं आहे बाबा. मला चहा कळतो.

निघायच्या आधी तो रोछिंगीकडे गेला. ती रिकामं पातेलं घासत होती. मी जवळच होते. तिनं वर न बघता विचारलं, "उरलेल्या पेजेचं सांगायलाच हवं होतं का रे?"

त्यानं टायची गाठ सैल केली. मग म्हणाला, "आजी, त्याशिवाय ते लोकांना खरं वाटलं नसतं."

तिनं मान हलवली. जणू तांदळाचा भाव ऐकला. "हो का," म्हणाली, आणि राख घेऊन पुन्हा घासायला लागली.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या वडिलांची बैठक बसली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. बाईमाणूस बैठकीत येत नाही, म्हणे. मी म्हटलं, बाईमाणसाच्या मुठीवर बसता ते चालतं का? पु खुमा तसा वाईट माणूस नाही. माझ्या दुकानातल्या बाकावर तीस वर्षं बसतोय. तो शांतपणे म्हणाला, "थुआमी, आम्ही तिला काढत नाही आहोत. उपासमारीतली गोष्ट, कोण दोष देईल? पण लोक विचारतात. अठ्ठावन्न वर्षांत एकदाच झालं, हे कशावरून?"

एवढंसं वाक्य. मग मी ओरडले. ओरडायला काही सुचावं लागत नाही.

आणि उपाय त्यांना कुठे सापडला? मावियाच्या प्रबंधात! पाचव्या भागात त्यानं लिहिलं होतं की मुठीची पारदर्शक नोंद असावी, प्रत्येक घरानं मोजून द्यावी, वहीत लिहावी. साइथंगा सरांनी पत्र पाठवून त्याचं कौतुक केलं होतं. आमच्या गावात शंभर वर्षांत कुणी मूठ मोजली नव्हती. ज्याचा जेवढा हात, तेवढी त्याची मूठ. लेकराचा हात धरून आई टाकते तीही मूठच. ती मोजायची म्हणजे काय? मी इतका आरडाओरडा केला की शेवटी त्यांनी सक्ती काढली. ज्याला वाटेल त्यानं मोजावं, ज्याला नको त्यानं नाही. जिंकल्यासारखी मी घरी आले.

रोछिंगी मागावर बसली होती. मी तिला म्हटलं, "सोड तो डबा. तोंडावर फेक त्यांच्या. काय अडलंय तुझं?"

"डबा सोडला तर मी चोर ठरले," ती म्हणाली. "पाठीवर आहे तोवर मी कामाला आहे. मोजू देत ज्याला मोजायचंय. चार शनिवार मोजतील, कंटाळतील. मला डबा हवाय, थुआमी." तिनं धोटा इकडून तिकडे टाकला. "ह्या डब्यातून घेतलं ना मी. ह्याच डब्यात भरत मरायचंय मला. दुसरं काही मागत नाही."

तेव्हा मला कळलं की ती अठ्ठावन्न वर्षं का चालत होती.

शनिवार आला. कडी वाजली. मी पहाटेपासून मडकं दारात काढून ठेवलं होतं. ठरवलं होतं, गावासमोर धडाधडा ओतायचं, न मोजता, आणि मोठ्यानं बोलायचं. वरच्या आळीतून बातम्या येत होत्या. अमकीनं मोजलं, तमकीनं नाही. मोजणाऱ्या बायका फार गोड बोलल्या म्हणे. "पी, रागावू नका हं, नियम आहे." एकीनं तर मोजून झाल्यावर तिला उकडलेलं रताळं दिलं.

ती माझ्या दुकानाशी पोचली तेव्हा ऐझॉलची सुमो थांबलेली, दहा-बारा माणसं चहाला बसलेली. पु खुमाची बायको सुद्धा होती, बशीत चहा ओतून फुंकर मारत. ती म्हणाली, "थुआमी कशाला मोजेल बाई? भाच्यानं बिंग फोडलं, आत्यानं झाकलं. घरातलं घरात."

दोन-चार जण हसले. मी मडकं उचललं. रोछिंगी टोपली खाली टेकवून, पट्टा कपाळावरच ठेवून उभी होती. माझ्याकडे बघत होती. थकली होती, पण तोंडावर ते तिचं जुनं हसू होतं, 'आली बाई एकदा शेवटच्या घरी' असं.

आणि माझ्या हातानं चहापत्ती मोजायचा पेला घेतला.

मी मोजलं. एक. दोन. तीन. मग अर्धा. "साडेतीन," मी मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

नंतर मी स्वतःला बरंच समजावलं. खुमाच्या बायकोचं तोंड बंद करायला मोजलं. रोछिंगीवरचा आळ जावा म्हणून मोजलं. ह्यातलं काही खरं नाही. तुम्हाला सांगते, कारण आता कुणापासून लपवू? पेला हातात घेतला त्या क्षणी माझ्या डोक्यात पु खुमाचंच वाक्य होतं. एकदाच झालं, हे कशावरून? माझ्या दारात पोतं ठेवणाऱ्या बाईबद्दल मला हे वाटलं. पाच-सहा क्षण का होईना, वाटलं. आणि तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं. दोनशे घरांच्या मुठी वाचणारी बाई ती, माझं तोंड तिला काय अवघड.

तिचं हसू गेलं. तिनं कपाळावरचा पट्टा काढला. पट्ट्याखाली कपाळाला गुळगुळीत खाच पडली होती, ती तिनं बोटांनी चोळली.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं. "वहीत लिही."

"रोछिंगी, अगं..."

"डबा पु खुमाच्या घरी पोचव. माझ्यानं आता चढवत नाही."

ती गेली. चहाला बसली नाही. गावातल्या निम्म्या घरांनी मोजलं होतं, तरी ती पुढच्या दारी गेली होती. माझ्यानंतर दार नव्हतं. माझ्यापाशी ती थांबायला यायची.

माविया आता त्याच कॉलेजात तो विषय शिकवतो. त्याचं पुस्तक झालं, त्यानं मला पाठवलं. मी ते दुकानाच्या फळीवर ठेवलंय, उघडलं नाही. लोक म्हणतात फार चांगलं लिहिलंय. असेल. मी त्याला शिव्या घालते आणि नाताळला तो आला की जेवायला वाढते, कारण भाऊ काय म्हणेल. त्याच्यावर रागवायला मला आवडतं. सोपं आहे ते.

डबा कुणी घ्यायला तयार होईना. शेवटी पु खुमा म्हणाला, "थुआमी, तू एवढी भांडलीस, तूच घे." आता दर शनिवारी मी फिरते. मोजायचं फॅड तीन महिन्यांत संपलं, रोछिंगी म्हणाली होती तसंच. आता गावात कुणी मोजत नाही.

एक घर सोडून. मी तिच्या दाराशी जाते, "रोछिंगी, आले गं," म्हणते. ती बाहेर येते. मडकं खाली ठेवते, आतून पितळी माप आणते, ते शिगोशीग भरते, वरून बोट फिरवून सपाट करते. मला दाखवते. मी मान हलवेपर्यंत डब्यात ओतत नाही. एकदा मी रडत म्हटलं, "नको गं, तू नको मोजूस, तुला कोण विचारतंय?" ती म्हणाली, "असू दे, पी थुआमी. तुम्हाला नंतर शंका नको."

आयुष्यभर तिनं मला अगं-तुगं केलं होतं.